सात नंबरच्या कुंडीतली नऊ लिंबं

माणसानं एकतीस वर्षं एकच काम केलं की जगातली सगळी कामं त्याला त्याच कामासारखी दिसायला लागतात. मी वरणगावच्या फॅक्टरीत तपासणी विभागात होतो. तिथं काय बनतं ते सांगायची मला परवानगी नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या कॉलनीत आजवर कुणी विचारलंही नाही. पण जे बनायचं ते मी तपासायचो. माप बरोबर असलं तर पास, नसलं तर नापास. निवृत्त होऊन जळगावला घर बांधलं तरी सवय गेली नाही. भेंडी मी अजून मोडून, हुंगून आणि उजेडाकडे धरून घेतो, आणि भाजीवाली लताबाई तेवढा वेळ दुसरीकडे बघत बसते.

तर या वर्षी एप्रिलच्या शेवटी उषानं, म्हणजे माझ्या पत्नीनं, सुरतेला जाताना गच्चीवरच्या चौदा कुंड्या माझ्या ताब्यात दिल्या. आमची मुलगी भूमिका सुरतेला असते. पहिलं बाळंतपण खरं म्हणजे माहेरी व्हायचं, पण जळगावचा पारा तेव्हा पंचेचाळीसला टेकला होता. "पप्पा, मी तिकडे आले तर शिजेन," असं भूमिकानं फोनवर सांगितलं. त्यामुळे उषाच तिकडे निघाली. जावई स्वप्नीलरावांचं घर लहान, त्यात बाळंतीण, तिची आई आणि सासू. मला सांगण्यात आलं की मी सरळ बारशालाच यावं. तोवर माझ्याकडे काम एकच, कुंड्या.

त्यांतही खरी एकच कुंडी. अर्ध्या निळ्या पिंपात लिंबाचं झाड होतं. भूमिका नववीत असताना सरबताच्या लिंबाचं बी तिनं गंमत म्हणून त्या पिंपात खोचलं होतं. ती बारावी झाली, इंजिनिअर झाली, लग्न होऊन गेली, पण झाडाला कधी साधी कळी आली नाही. आणि या वर्षी, नेमकं ती आई होणार त्या वर्षी, त्याला फुलं आली आणि नऊ लिंबं धरली. मी हा योगायोग मानतो. उषा मानत नाही. "बाळाची पहिली दृष्ट मी याच झाडाच्या लिंबानं काढणार," तिनं मला रिक्षात बसता बसता बजावलं. "तुम्ही येताना घेऊन या. आणि ऐका, रोज सकाळी सहाच्या आत, खालच्या हौदातलं पाणी, कुंडीला एक तांब्या. लिंबाला दोन. दुपारी काही करायचं नाही."

मी मान डोलावली. एकतीस वर्षं संरक्षण साहित्य तपासलेल्या माणसाला तांब्या कसा ओतायचा ते शिकवलं जात होतं, पण निघायच्या वेळी वाद नको.

पहिल्या दिवशी मी प्रत्येक कुंडीवर खडूनं नंबर टाकले. लिंबाचा सातवा. वहीत तक्ता आखला: तारीख, कुंडी, पानांची स्थिती, शेरा. तीन दिवस शिस्तीत तांब्या चालला. अडचण झाडांची नव्हती, माझ्या गुडघ्यांची होती. हौद अंगणात, कुंड्या दुसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत, आणि चौदा कुंड्यांना दोन बादल्या. त्याआधी घरातलं वापरायचं पाणी भरणं होतंच. आमच्याकडे नळ दोन दिवसांआड येतो, आणि उन्हाळ्यात अंघोळीच्या बादल्या सकाळीच भरून ठेवाव्या लागतात. हे सगळं आटपून मी खाली येईपर्यंत चहा गार आणि गुडघे गरम झालेले असायचे.

ही व्यथा मी शेजारच्या बन्सीलाल नानांना सांगितली. नानांची सावद्याकडे केळीची बाग आहे. आता मुलगा बघतो, पण नाना अजून दर गोष्ट केळीवरूनच मोजतात. त्यांच्या मते माणसांचेही दोनच प्रकार असतात, घड टाकणारी आणि नुसती पानं वाढवणारी.

"लीलाधर भाऊ," नाना म्हणाले, "तुम्ही जळगावात राहून बादलीनं पानी घालून राह्यले? लोकं काय म्हनतील? ठिबक लावा ना भो."

आता हे खरं होतं. साऱ्या देशाला ठिबक पुरवणाऱ्या गावात मी तांब्या घेऊन जिना चढत होतो. नानांकडे बागेतली उरलेली काळी नळी होती, तोट्या होत्या, आपोआप चालू-बंद होणारा टायमरही होता. एक मेला, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर, आम्ही गच्चीवरच्या टाकीला नळी जोडली, ती गच्चीभर फिरवली आणि प्रत्येक कुंडीत एकेक तोटी सोडली. सात नंबरला दोन. वेळ ठरवायचं माझ्याकडे आलं. मी विचार केला, माणसाला तहान सकाळी सहाला लागते का? दुपारी लागते. म्हणून टायमर लावला दुपारी बारा, दोन आणि चार. फॅक्टरीत याला प्रक्रियेत सुधारणा म्हणत, आणि त्याचं प्रमाणपत्र मिळायचं.

चौथ्या दिवशी जास्वंदानं मान टाकली. पाचव्या दिवशी मोगऱ्यानं. मी वहीत "सौम्य मरगळ" असा शेरा मारला. सहाव्या दिवशी सात नंबरची पानं द्रोणासारखी वळली आणि एक लिंबू खाली पडलेलं सापडलं. हिरवं, सुपारीपेक्षा थोडं मोठं. वहीत लिहिलं: आठ.

सातव्या दिवशी, सात मेला, भूमिकाला मुलगा झाला. फोनवर मी त्याचं रडणं ऐकलं आणि फोन कानाला आणखी दाबून धरला. उषा म्हणाली, "अहो, ऐकताय ना? बारसं अठराला. लिंबं कशी आहेत?"

"छान आहेत," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातला तो पहिला खोटा तपासणी अहवाल.

त्या संध्याकाळी पेढे द्यायच्या निमित्तानं मी नानांना आणि समोरच्या हिलाल भाऊंना गच्चीवर आणलं. हिलाल भाऊ शिंदखेड्याकडचे, अहिराणी बोलणारे, एसटीत ड्रायव्हर होते. गाडीचा आवाज ऐकून बिघाड सांगायचे, तसं ते झाडाभोवती कान देऊन एक चक्कर फिरले.

"तहानलेलं हाये," नाना म्हणाले. "केळीले या दिवसात झाडाला वीस-पंचवीस लिटर लागतं. वाढवा पानी."

"काय वाढवतस नाना," हिलाल भाऊ म्हणाले. "साहेब, पानी जास्ती व्हयी गयं शे. मुळं सडी ऱ्हायनात. बठ्ठं पानी बंद करा."

"केळी लावली का कधी तुम्ही?"

"नई लावी. पन पंप मारी मारी इंजिन बुडाडनारा लई देखेल शेतस." जास्त इंधन ओतून इंजिन बुडवणारे त्यांनी खूप पाहिले होते.

दोघंही माझे हितचिंतक, आणि पेढे दोघांनीही दोन दोन घेतले होते. मी मध्यम मार्ग काढला. एक दिवस नानांच्या मतानं पाणी दुप्पट, दुसऱ्या दिवशी हिलाल भाऊंच्या मतानं अजिबात नाही. तिसऱ्या दिवशी झाड दोघांवरही रुसलं आणि आणखी दोन लिंबं गेली. मी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. तेवीस उत्तरं आली. त्यांतली अकरा आजोबा झाल्याबद्दल अभिनंदनाची होती, एकानं ताक घालायला सांगितलं, एकानं हिंग, एका बाईंनी झाडाशी रोज गोड बोलायला सांगितलं. ते मी करून पाहिलं. पण मला भूमिकाच्या बारावीच्या मार्कांखेरीज दुसरा विषय सुचेना, आणि पलीकडच्या गच्चीवर पापड वाळवणारी बाई उगाच घुटमळायला लागली, म्हणून बंद केलं.

शेवटी मी ठरवलं, अंदाजपंचे पुरे, आता शास्त्र. माती तपासून घ्यायची. सरकारी माती तपासणीचं कार्यालय उन्हाआधी गाठावं म्हणून सकाळी निघालो. जाण्याआधी नियमाप्रमाणे नमुना घेतला. नियम असा की व्ही आकाराचा खड्डा घेऊन अर्धा किलो माती काढायची. शेतात हे ठीक आहे. पिंपात व्ही आकाराचा खड्डा घेतला की झाडाची निम्मी मुळं उघडी पडतात, हे नियमात लिहिलेलं नव्हतं. त्या धक्क्यानं आणखी दोन लिंबं टपकली. राहिली चार.

खिडकीवर सोनल मॅडम म्हणून एक शांत मुलगी होती.

"गट नंबर?" तिनं विचारलं.

"गट नाही. कुंडी आहे. नंबर सात."

"काका, सातबारा आणलाय का?"

"कुंडीचा सातबारा नसतो हो."

"बरं, क्षेत्र सांगा. हेक्टरमध्ये."

मी खिशातून वही काढली. पिंपाचा व्यास अठरा इंच. मी तिथंच उभ्यानं गणित केलं. ०.००००१६ हेक्टर. मागं रांगेत उभे असलेले शेतकरी कौतुकानं बघत होते. मॅडमनं तो आकडा भरला. संगणक दशांशानंतर दोनच घरं घेत होता, त्यामुळे तिथं ०.०० आलं आणि खाली लाल अक्षरं उमटली.

"शून्य क्षेत्राच्या खातेदाराचा नमुना घेता येत नाही, काका," ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं. "तुमच्या ओळखीत कुणाचं शेत नाही का?"

मी नानांना फोन लावला. नानांनी तिथल्या तिथं गट नंबर सांगितला, सातबाऱ्याचा फोटोही पाठवला, आणि अशा रीतीनं माझ्या पिंपातली माती सावदा शिवारातल्या दोन हेक्टर केळीची माती म्हणून सरकारदरबारी दाखल झाली. अहवाल तीन आठवड्यांनी येणार होता. बारसं पाच दिवसांवर होतं.

त्याच संध्याकाळी उषाचा फोन आला, आणि या वेळी व्हिडिओ कॉल. "मला झाड दाखवा," ती म्हणाली. "भूमिकालाही बघायचंय." मी म्हणालो, पाच मिनिटांनी करतो. त्या पाच मिनिटांत मी जे केलं ते सांगायला मला आजही संकोच वाटतो. मी पडलेली पाच लिंबं फ्रिजमधून काढली. ती मी का जपून ठेवली होती कुणास ठाऊक, टाकवली नव्हती एवढं खरं. शिवणाचा पांढरा दोरा घेतला आणि पाचही लिंबं फांद्यांना बांधली. बांधताना धक्का लागून चारातलं एक खरं लिंबू पडलं, तेही बांधलं. एकतीस वर्षांत मी दुसऱ्यांच्या लबाड्या पकडल्या होत्या, आणि आता गुडघ्यावर बसून स्वतः नापास माल पास करत होतो.

"नऊच्या नऊ आहेत," मी फोन जरा लांबून फिरवला.

"तो दोरा कसला?" उषानं विचारलं.

"आधार दिलाय. वाऱ्यासाठी."

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "पाणी सकाळीच घालताय ना?" मी "हो, हो" म्हणालो आणि बाळाला दाखव म्हणून विषय बदलला. बाळ झोपलं होतं. मूठ एवढीशी, त्या लिंबाएवढीच. फोन ठेवल्यावर मी पिंपाशेजारी पायरीवर बसून राहिलो. सगळेजण बाळासाठी काही ना काही करत होते. उषा तेल लावत होती, विहीणबाई डिंकाचे लाडू करत होत्या, स्वप्नीलराव औषधांना धावत होते. माझ्या वाट्याला आजोबा म्हणून काम आलं होतं ते एवढंच, नऊ लिंबांवर लक्ष ठेवणं, आणि तेही माझ्याच्यानं झालं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनल मॅडमचा फोन आला, सातबाऱ्याचा फोटो पुसट आहे, छापील प्रत आणून द्या. घाईत निघालो. परत आलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता, अंग घामानं चिकटलेलं. सरळ न्हाणीघरात गेलो. बघतो तर बादली रिकामी. घाईत सकाळी भरायची राहून गेली होती. नाइलाजानं नळ सोडला आणि भरलेला तांब्या खांद्यावर ओतला.

मी ओरडलो. ते ओरडणं हिलाल भाऊंना रस्त्यापलीकडे ऐकू गेलं असं ते अजून सांगतात. पाणी नव्हतं ते, चहाचं आधण होतं. गच्चीवरची काळी टाकी दिवसभर तापते, हे जळगावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यासाठीच तर सकाळी बादल्या भरून ठेवायच्या. इतकी वर्षं मी स्वतःसाठी रोज न चुकता भरून ठेवतोय. आणि दोन आठवडे मी त्याच टाकीतलं तेच पाणी, वरून तापलेल्या स्लॅबवर पसरलेल्या काळ्या नळीतून आणखी उकळून, भर बारा वाजता झाडांच्या मुळांत सोडत होतो. नानांच्या बागेत पाणी येतं विहिरीतून. उषाच्या तांब्यात यायचं हौदातून. मी पानं मोजली, माती मोजली, पिंपाचा व्यास मोजला, पण एकदाही पाण्यात हात घातला नाही.

टायमरचा दोनचा ठोका जवळ येत होता. मी पंचा गुंडाळला आणि तसाच जिना चढलो. गच्चीच्या फरशीवर पाय पडताच कळलं की चप्पल खाली राहिली. आता परत फिरणं शक्य नव्हतं. मी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, असा टाकीपर्यंत गेलो आणि नळी उपटली. उरलेलं पाणी पायावर सांडलं, त्यामुळे नाच आणखी वाढला. पलीकडच्या गच्चीवर पापडवाली बाई होती. तिनं शांतपणे पापडांची चादर गोळा केली आणि आत गेली.

पाचच मिनिटांत नाना आणि हिलाल भाऊ वर आले. मी पंच्यातच सगळं सांगितलं. नानांनी नळीतून गळणाऱ्या थेंबाखाली बोट धरलं आणि झटकन काढून तोंडात घातलं.

"च्यामारी," ते म्हणाले. "हे तर मीच केलं ना भो. मळ्यातली नळी मी गच्चीवर लावली."

"मी बी पानीमा हात नई घाला," हिलाल भाऊ म्हणाले. "रेडिएटरमा रोज घालू, आठे कुंडीमा नई घाला. चला आते, पिंप उचला."

ऊन उतरल्यावर तिघांनी मिळून पिंप उचललं आणि टाकीच्या सावलीत, विटांवर ठेवलं, म्हणजे स्लॅबची धग खालून लागायला नको. कुंड्या एकमेकींना चिकटून मांडल्या. वर उषाच्या दोन जुन्या सुती साड्या ताणून बांधल्या. नानांनी मुलाला सांगून केळीची वाळलेली पानं मागवली आणि ती मातीवर जाडसर अंथरली. दुसऱ्या दिवसापासून पहाटे हौदातलं पाणी, तांब्यानं. माझे गुडघे बघून हिलाल भाऊ दोन बादल्या स्वतः वर न्यायला लागले. झाड दुपारी मान टाकायचं, पण संध्याकाळी पुन्हा उचलायचं. नाना म्हणाले, "संध्याकाळी उठलं म्हनजे जिवंत हाये. सकाळीही पडलेलं असलं तरच समजा बिमार." हे ज्ञान त्यांनी आधी का दिलं नाही, हे मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी फांदीच्या टोकाला तांबूस कोंब दिसला. तक्त्यात मी तो लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. जास्वंद मात्र गेलं. खरी लिंबं तीन होती, त्यांतली दोन आधीच आतून उकडली होती, तीही गळाली. एक टिकलं.

सतरा मेला ते एक लिंबू मी दोन पानांसकट खुडलं, ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि सुरतेच्या गाडीत बसलो. डबा मांडीवरच. अमळनेरला एकदा उघडून बघितला, नरडाण्याला एकदा. समोरच्या बाईंना वाटलं आजोबांना भूक लागलीय, त्यांनी मला पुरी आणि कैरीचं लोणचं दिलं. मी नाही म्हटलं नाही.

बारसं थाटात झालं. संध्याकाळी उषानं डबा उघडला. लिंबू एका बाजूनं पिवळं, दुसऱ्या बाजूनं उन्हानं भाजून तपकिरी झालेलं. मी सगळं कबूल करायला तोंड उघडलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "लिंबू देठानं लटकतं, गाठीनं नाही. मला त्याच दिवशी कळलं होतं. एक तरी आणलंत ना."

तिनं ते बाळावरून उतरवलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, माझ्यावरूनही एकदा उतरवलं, आणि स्वप्नीलरावांनी ते जाऊन चौफुलीवर टाकलं. सात नंबरचं सगळं पीक सुरतेच्या एका चौकात गेलं, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. माती तपासणीचा अहवाल पुढं जूनमध्ये नानांच्या फोनवर आला. जमीन केळीस उत्तम, असं त्यात होतं. नाना तो अजून सगळ्यांना दाखवतात.

पण मला सांगायचं आहे ते बारशाच्या दुसऱ्या दिवशीचं. सकाळी उषा न्हाणीघरात पाय पसरून बसली होती, बाळ पायांवर पालथं, अंगाला तेल चोपडलेलं. शेजारी वाफाळती बादली होती. तिनं मला हाक मारली.

"अहो, जरा पाणी बघा."

मी आधी बोटं बुडवली, मग मनगट, मग कोपर. जरा जास्त वाटलं. एक तांब्या गार पाणी घातलं, हातानं ढवळलं आणि पुन्हा कोपर घातलं. मग आणखी अर्धा तांब्या. एकतीस वर्षांत एवढी सावकाश तपासणी मी कधी केली नव्हती.

"झालं का?" उषा हसत म्हणाली. "पोरगं गारठेल."

मी पुन्हा एकदा कोपर घातलं.

"पास," मी म्हणालो, आणि तांब्या भरून तिच्या हातात दिला.